बाबाला गाडी लागली

काजू पिकले की मला राग येतो. कुणाचा, ते विचारू नका. दोडामार्गाकडून वारा सुटला की आमच्या डिचोलीत आधी वास पोचतो, मग टोपल्या, मग रस्त्याच्या कडेला खडूने लिहिलेल्या पाट्या: हुराक मिळेल. काजूच्या बोंडांचा रस पहिल्यांदा भट्टीतून उतरला की त्याची हुराक होते, आणि ती प्यायची ती याच दोन-अडीच महिन्यांत. सगळा गाव या दिवसांत जरा सैल होतो, माणसं एकमेकांना विनाकारण हाका मारतात. आणि मी, जी एरवीही फार गोड बोलते असं नाही, ती दारं-जनेलं लावून घरात बसते.

बाहेर बाल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर, माझे बाबा काजूच्या बिया बोंडांपासून पिळून वेगळ्या करत बसलेले असतात. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं शिरगावच्या खाणीवरून जेटीपर्यंत खनिजाचा टिपर चालवला. सावंतवाडीकडून तरुणपणी आले ते इथलेच झाले, बोली तेवढी मालवणी राहिली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. या हंगामात समोरच्या रस्त्यावरून लईराईचे धोंड जाऊ लागतात, म्हणजे शिरगावच्या देवीचं व्रत घेतलेले लोक, हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी. ते दिसले की बाबा टोपली उचलून आत येतात. बावीस वर्षं ते स्वतः धोंड होते. आता तीन वर्षं नाहीत. का नाहीत, ते मला माहीत आहे असं मी समजत होते, आणि त्यामागचं एक त्यांना माहीत नाही हेही मला माहीत होतं. एवढं पोटात घेऊन जेवण गोड लागत नाही.

गोष्ट माझ्या गाडीची. तीही हौसेची. वास्कोच्या एका जहाजावरच्या अधिकाऱ्याकडून मी ती घेतली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दोन दारं, दोनच सिटा, बसायला गेलं तर कमरेत वाकून अक्षरशः पडायचं. बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "बाय, ह्या गाडयेत बसतत काय निजतत?" मी मोपाच्या विमानतळावर सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीत काम करते. हात कायम ग्रीसमध्ये. बाई असून हे काम, लग्न नाही, वर ही असली गाडी. शेजाऱ्यांना माझ्याबद्दल बोलायला विषय कमी पडला नाही.

गाडीचा आवाज मात्र मला आवडायचा नाही. इंजिन चांगलं होतं, पण सायलेन्सर गंजून जाड झालेला, गाडी तोंडावर पदर घेऊन बोलल्यागत बोलायची. तीन वर्षांपूर्वी होळी झाली आणि मी नवा संच मागवला. पुढची मोकळी नळी, मधला पाइप, मागचा सायलेन्सर, सगळं चकचकीत स्टीलचं. खोकं उघडलं तेव्हा बाबांनी सायलेन्सरच्या एका तोंडातून डोळा लावून पलीकडे बघितलं. आरपार दिसलं. "नाव सायलेन्सर आनि काम बोंब मारूचा," ते म्हणाले, पण हात लावून बघत होते, नळीच्या वळणावरून अंगठा फिरवत होते. खाणी बंद पडल्यापासून त्यांच्या हातांना असं काही मिळालं नव्हतं.

आंब्याखाली गाडी उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. दोन संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या पोटाखाली पाठीवर पडून होतो. इथल्या पावसाचा गंज ज्याने बघितला त्यालाच कळेल. नट आणि बोल्ट वेगळे आहेत हेच ओळखू येत नव्हतं. तेल मारलं, पान्याला पाइप जोडून जोर लावला, शिव्या घातल्या. मग बाबा आत गेले आणि लाइट गेल्यावर लावायची मेणबत्ती घेऊन आले. "आता बघ." गॅसच्या टॉर्चने नट तापवून लाल केला, ज्योत बाजूला घेतली आणि त्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं, धूर झाला, आणि जो नट माझ्या सगळ्या शिकलेल्या अकलेला दाद देत नव्हता तो बाबांच्या हातात मुकाट्याने फिरला. "खाणीर मेण आमच्या खिशात असायचा," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला होता, की गंजाची पूड डोळ्यांत जात होती तरी मी हसत होते. आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळी कुठल्या, असं कुणी विचारलं तर मी त्या दोन सांगेन. म्हणूनच पुढचं जास्त जाचतं.

दोन पाइप जिथे जुळतात तिथे मध्ये एक गास्केट लागते, पत्र्याची चकती, जोडातून धूर फुटू नये म्हणून. संचातली एक चकती बसेना, भोकं जुळत नव्हती. म्हापशाच्या दुकानात सोमवारी मिळाली असती. पण तो शनिवार होता, आणि मला रविवारी गाडी बाहेर काढायची होती. मी जुनीच चकती पुसून परत लावली.

"जुनी लावू नको, बाय. एकदा चेपलेली ती परत फुगत नाय."

"सोमवारी बदलते, बाबा."

"मगे निदान फडको लावून बघूया." टिपरवाल्यांची ही रीत. मागच्या नळीच्या तोंडात ओला फडका कोंबायचा, इंजिन चालू करायचं आणि प्रत्येक जोडाजवळ तळहात धरायचा. कोंडलेला धूर जिथून फुटेल तिथे हाताला फुंकर लागते.

"उद्या बघू," मी म्हटलं. घाटातल्या वळणावर पाटी असते, अति घाई संकटात नेई. रोज वाचते. गाडी चालवणाऱ्या माणसाला ती वाचता येते, एवढंच.

रविवारी तिने तोंड उघडलं. काय तो आवाज! खालच्या पट्टीत भरदार, आणि पाय दाबला की छातीत शिरणारा. अस्नोड्याच्या चढावर मी माझ्या बाजूची काच खाली केली, केवळ ऐकायला, आणि तो सगळा हंगाम ती काच खालीच राहिली. बाबांच्या बाजूची मात्र बंद. खाणीची धूळ छातीत बसलेला माणूस, वारा लागला की खोकला. सोमवार आला आणि गेला. पुढचाही.

त्या दिवसांत बाबा रोज सकाळी माझ्याबरोबर निघायचे. मोपाच्या वाटेवर कासारवर्ण्याला त्यांचे जुने मित्र विष्णूदादा यांची काजूची बाग आणि भट्टी. दिवसभर तिथे बोंडं वेचायची, गप्पा मारायच्या, संध्याकाळी मी परतताना त्यांना घ्यायचं. सगळा हंगाम त्यांच्या सदऱ्याला काजूचा वास असायचा. हुराकही घ्यायचे, लपवून नाही. पेलाभर, लिंबू पिळून, मला दाखवून. पण लईराईच्या जत्रेच्या महिनाभर आधी बंद. देवीच्या नावाने पेला पालथा घातला की घातला. टिपर चालवतानाही तीस वर्षांत त्यांनी थेंब घेऊन स्टेअरिंग धरलं नाही, आणि हे त्यांच्या खाणीवर सगळ्यांना माहीत होतं.

पेला पालथा घातल्यानंतरच्याच आठवड्यात एकदा घरी उतरताना ते दाराला धरून उभे राहिले. "डोक्या गरगरता." मी म्हटलं, ऊन. दोन दिवसांनी परत. आंब्याखाली ओकले. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "बाय, माका गाडी लागता."

मी हसले. हसले म्हणजे कशी, पोट धरून. तीस वर्षं चाळीस वळणांच्या रस्त्यावरून टिपर नेणाऱ्या माणसाला गाडी लागते! दुसऱ्या दिवशी कामावर ही गंमत सगळ्यांना सांगितली, तेही हसले. लहान मुलांना गाडी लागते, नव्या नवरीला लागते. आम्ही हा शब्द इतका सवयीने वापरतो, की त्यात गाडी हा कर्ता आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी त्यांना लागत होती. ते शब्दशः खरं सांगत होते.

माझंही डोकं दुखायचं. मी गोळ्या खायची आणि साहेबाला नावं ठेवायची.

मग मनात दुसरंच आलं. तोल जातो, जीभ जड, डोळे लाल, सदऱ्याला वास, दिवसभर भट्टीवर मुक्काम. हातच्या काकणाला आरसा कशाला? विचारलं तर म्हणाले, "पिवक नाय गो." पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं असणार. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

व्रताला बसायच्या दिवशी त्यांना सकाळी कासारवर्ण्याला जाऊन विष्णूदादांच्या बागेतली केळीची पानं आणायची होती, मांडवातल्या जेवणासाठी. दुपारी मी अर्धी रजा घेऊन त्यांना उचललं आणि थेट शिरगावला नेलं. गावाच्या कडेला त्यांच्या गटाचा मांडव. पाच दिवस धोंडांनी तिथे वेगळं राहायचं, आंघोळी करायच्या, आपल्या हातचं रांधलेलं खायचं, आणि मग देवीसमोरच्या निखाऱ्यांवरून चालायचं. चार वाजले होते. दहाबारा धोंड दारात उभे, पुढे नारायणआबा, गटातले सगळ्यांत वडील. बाबा गाडीतून उतरले आणि पानांच्या भाऱ्यासकट गुडघ्यांवर आले. उठायला गेले, परत कलंडले.

आणि मी म्हणाले, "आजसुद्धा? आजच्या दिवशी तरी नको होतीस प्यायला, बाबा!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. खालच्या आवाजातही नाही. इंजिन चालू होतं ना, माझं ते सुंदर इंजिन. त्याच्यावर आवाज चढवूनच बोलावं लागायचं.

आबांनी बाबांना उठवून बसवलं, पाणी दिलं. "भिवा, खरा सांग. घेतलंस?" बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून समजून घेते आहे. मग अगदी हळू म्हणाले, "पिवक नाय, आबा." आबा म्हणाले, "मगे झाला. चल आत." पण बाबा आत गेले नाहीत. जरा वेळ बसले, मग वेताची काठी दोन्ही हातांनी कपाळाला लावून आबांच्या हातात दिली आणि रस्त्याला लागले. गाडीत बसले नाहीत. मी मागून गाडी हळूहळू नेत होते, ते वळून बघत नव्हते, आणि तो भरदार आवाज सगळ्या गावाला सांगत चालला होता, की बघा, ही भिवाची मुलगी. त्या वर्षी निखाऱ्यांवरून आमचं कुणी गेलं नाही.

जत्रा होऊन आठवडा झाल्यावर गाडी खालून खडखडायला लागली म्हणून मी ती उचलली. टॉर्च मारला आणि दिसलं. मधल्या जोडाच्या बाजूला पत्र्यावर काजळीचा हातभर पट्टा. तिथून वर, डाव्या, म्हणजे बाबांच्या, सिटेच्या पायाखाली, तळाच्या पत्र्यातलं रबरी बूच गळून पडलेलं, रुपयाएवढं भोक. मी फडका ओला केला, मागच्या नळीत कोंबला, इंजिन लावलं आणि जोडाजवळ तळहात धरला. फू, फू, फू. गरम. नियमित. माणूस झोपेत श्वास सोडतो तसा.

धुरातला तो जो वायू असतो, त्याला वास नसतो. रंग नसतो. माणसाला गरगरतं, ओकारी येते, पाय लटपटतात, बोलणं अडखळतं, आणि बंद जागेत जास्त वेळ राहिला तर तो झोपतो तो उठत नाही. हे मला शिकवलेलं आहे. विमानतळावर नव्या मुलांना हे मीच शिकवते. साऱ्या मुलखाला वास सुटलेल्या दिवसांत मी नाकावर विसंबून माझ्या बापाचा न्याय केला, आणि ज्याने त्याला पाडलं ते वासाचं नव्हतंच. अजून पंधरा दिवस गेले असते तर? हा प्रश्न मी तिथे मातीत बसूनच स्वतःला विचारला, आणि मला थंडी वाजली. वैशाखातल्या दुपारी.

बाबा चहा घेऊन बाहेर आले. "काय झाला?"

"काही नाही. जरा आवाज येत होता."

बस. एवढंच बोलले. सांगते, आत्ता सांगते, असं वाटत होतं, पण तोंड उघडेना. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, जुनी लावू नको, फडका लावून बघ. मी काय सांगणार होते? की तुझं ऐकलं नाही म्हणून तू मरता मरता वाचलास, आणि वर मीच तुला दारुडा म्हटलं, तुझ्या देवीच्या दारात? मी नवी गास्केट लावली, बूच बसवलं, हात धुतले. महिनाभराने तो सगळा चकचकीत संच काढून जुना गंजका सायलेन्सर परत चढवला. शेजारी म्हणाले, बरं झालं, झोप लागते.

ते माझ्यावर रुसले आहेत, असं मी धरून चालले. माझ्या गाडीत ते परत बसले नाहीत, कासारवर्ण्याला बसने जातात. हुराक त्यांनी कायमची सोडली; मला वाटलं, मला दाखवायला. दर वर्षी आबांनी निरोप धाडला आणि दर वर्षी बाबांनी हात जोडले. मला वाटलं, मुलीने केलेला अपमान त्यांना त्या माणसांपुढे परत न्यायचा नाही. रुसव्याचं एक बरं असतं. समोरचा रुसला आहे म्हटलं की आपल्यालाही गप्प राहायचा हक्क मिळतो. असे तीन हंगाम मी गप्प राहिले, चांगले उंडे पाव आणले, माशाचं कालवण त्यांच्या आवडीचं केलं, औषधं वेळेवर दिली. सगळं केलं, एक सोडून.

काल सकाळी आबा स्वतः आले. ऐंशी उलटली आहे, ऐकू आता फार कमी येतं, नातवाच्या स्कूटरवरून चौकात उतरून काठी टेकत आले. "भिवा, यंदाचा माझा शेवटचा. माझ्या वांगडा चल." बाबांनी हात जोडले. "आबा, माका भायरच ठेवा." आबा पाणी प्यायले आणि उठले.

त्यांची पाठ वळली आणि मला ते सहन झालं नाही. धीर आला वगैरे काही नाही, नुसतं सहन झालं नाही. मी बाल्कांवावर बाबांच्या समोर बसले आणि सांगून टाकलं. गास्केट, बूच, धूर, फडका. "तू प्यायला नव्हतास, बाबा. तुला धूर लागला होता. मला तेव्हाच, जत्रेनंतर आठवड्यात कळलं. मी सांगितलं नाही."

त्यांच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. रस मनगटावरून ओघळत होता.

"म्हणजे माका नशा नव्हती?"

"नव्हती."

"नक्की गो?"

"नक्की, बाबा."

मग ते जे म्हणाले त्यासाठी मी तयार नव्हते. "त्या दिवशी विष्णून सकाळी पिळून काढललो बोंडांचो नीरो दिल्यान माका. ताजो म्हणान पियालंय. मगे डोक्या फिराक लागला. तू बोललंस तेवा माका वाटला, उन्हान तो आंबललो असतलो. नकळत दारूच गेली असतली पोटात. आबांका नाय म्हटलंय, पण माझा माकाच खरा वाटेना." बोंड टोपलीत ठेवून म्हणाले, "तू शिकलेली. तू खोटा कित्याक बोलतलंस?"

ते माझ्यावर एक दिवसही रुसले नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी बाजारात मासळीवालीला बोलावं तसं बोलले, आणि या माणसाने तो शब्द तीन वर्षं खरा धरून स्वतःला देवीच्या दाराबाहेर उभं केलं. मी रडायला लागले. चुकले बाबा, चुकले, एवढंच येत होतं तोंडात.

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "तीन वर्सां," ते म्हणाले. मग उठले, सदरा चढवला, बटणं खालीवर लागली. "आबा खंय पोचले असतले?"

"चौकात असतील. थांब, मी गाडी काढते."

"नको."

गुडघे धरून का होईना, ते भराभर चालले, मी मागून. चौकात आबा स्कूटरची वाट बघत उभे होते. पाव विकणाऱ्या पदेराची सायकल होती, बसला थांबलेली माणसं होती, काजूच्या टोपल्या घेऊन बसलेल्या दोन बाया होत्या. बाबा आबांसमोर गेले, दम खात उभे राहिले, आणि बाजूला झाले.

"सांग," ते मला म्हणाले. "तेवा सगळ्यांसमोर तूच बोललंस. आता पण तूच बोल."

"आबा," मी म्हटलं, "बाबा त्या दिवशी प्यायला नव्हता. चूक माझी होती."

आबांनी कानाला हात लावला. "काय गो?"

बसला थांबलेली माणसं आमच्याकडे बघायला लागली होती. मी आणखी मोठ्याने सांगितलं.